नावाड्याची वाक्यं

गुरुजी, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या खापा गावात तुमचं नाव आता म्हातारेच घेतात. मी मात्र रोज घेतो, आणि चांगल्या मनानं घेत नाही. इथे शहरात, नंदनवन वस्तीतल्या घरी, सकाळी देवापुढे दिवा लावून एकेकाला माफ करत जातो आणि तुमच्यापाशी येऊन अडतो.

फळ्यावर 'संवाद' लिहून तुम्हीच आम्हाला अर्थ सांगितला होता. एकटा बोलला तर भाषण, दोघं बोलले तर संवाद. "आपलं म्हणून झालं का थांबायचं गा. दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य हिसकायचं नाही." गॅदरिंगसाठी कन्हान नदी आणि नावाडी यांचा संवाद तुम्हीच रचलात, नदी तुम्ही, नावाडी मी. घरी आई भाकरी थापता थापता नदी व्हायची. तिला वाचता येत नव्हतं, पण ऐकून ऐकून दोघांचीही वाक्यं पाठ झाली होती.

त्या संध्याकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसून पुढे बसली आहे. तुमच्या पहिल्याच वाक्याला टाळ्या पडतात. टाळ्या थांबेपर्यंत बोलायचं नाही, हे तुमचंच शिकवणं. म्हणून मी थांबतो. तुम्ही थांबत नाही. "नावाडी म्हणते," असं म्हणून माझं वाक्य तुम्हीच म्हणून टाकता. पुन्हा टाळ्या. मग पुढचं, त्याच्या पुढचं, शेवटपर्यंत सगळी. मी वल्हं धरून उभा. खाली आईचे ओठ माझी वाक्यं म्हणत हलताहेत.

"काहून रे बापू, तुले तं सारं येत होतं न?" वाटेत तिनं विचारलं. दुसऱ्या दिवशी वर्गात तुम्ही हसलात, "नावाडी बुडाला गा! नाव मीच पार केली." शाळा सोडेपर्यंत मी 'मुका नावाडी' राहिलो. आई गेली, ती मला मंचावर बोलताना न ऐकताच.

आज सूड घ्यायला बसलो. आता तुम्ही मुके उभे राहा, तुमची वाक्यं मी म्हणतो. लिहिलं, "गुरुजी म्हणते, पोरा, मी चुकलो. तुह्या मायसमोर तुहं तोंड बंद केलं." वाचून बरं वाटलं, दुपारपर्यंत पुरलं. मग ती ओळ खोडली. तुम्हाला माफ केलेलं नाही. पण दुसऱ्याचं वाक्य हिसकायचं नाही, हे तुमच्याकडूनच अंगात भिनलं, आणि ते उपटून काढता येत नाही. खोडलेल्या ओळीखाली तुमच्या उत्तरापुरती जागा कोरी ठेवली आहे. हा कागद कुठे पाठवायचा नाही. तरी खरं सांगतो, मघापासून थांबून राहिलो आहे.