अम्माची दहाची वाटी

जयनगर, बेंगळूर
बुधवार, ११ नोव्हेंबर १९६४

ति. अण्णास भागीचा नमस्कार.

आधीच सांगते, यात चुका खूप असतील, त्या माफ कर. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि आठवीतनं मला काढल्यावर जमवायला कुणी बसलंही नाही. काकांनी आपल्या समाजाच्या ऑफिसातलं मराठी टाइपरायटर घरी आणलंय, त्यावर एका बोटानं मारतेय. एक ओळ होईपर्यंत मावशीची भाजी चिरून होते. पण हातानं लिहिलं असतं तर अक्षर थरथरलं असतं, आणि तू सगळ्यांना दाखवलं असतंस, बघा, भागी घाबरली. मशीनचं अक्षर थरथरत नाही.

इकडे मावशी-काकांकडे सगळे बरे आहेत. मावशीच्या परसात दोडका लागलाय. समोरच्या रिकाम्या प्लॉटात कुणाचंतरी घर उठतंय, दिवसभर विटा उतरतात. अप्पांना नमस्कार सांग, त्यांच्या बहिणीला पण. वसुमती अत्तेंचे गुडघे कसे आहेत? त्यांना तेल चोळायला आता कोण बसतं?

रविवारी तू आलास त्याबद्दल लिहायला बसलेय.

तू चप्पल काढायच्या आधीच बोललास. अम्मा खुर्चीत बसून नाचणीची अंबील पीत होती. दहा वाजले होते, अजून आंघोळ नाही, मडीचं सोवळं नाही, देवाला नैवेद्य नाही. तू दारातनंच म्हणालास, "वा! इथे राणीसाहेबांचा दरबार भरलाय. तिकडे अत्ते एकट्या चुलीपुढे मरतायत."

तू हसत म्हणालास. तू नेहमी हसतच म्हणतोस.

तुला दिसलं नसेल, तू पंखा शोधत होतास. अम्मानं वाटी खुर्चीखाली सारली आणि पदरानं तोंड पुसलं, चोरी पकडल्यासारखं. तेव्हापासून ती दहाची वाटी घेत नाही. मी पुढे केली की म्हणते, "स्वल्प थांब गं, तुम्ही सगळे घ्या, मग बघू." डॉक्टरांनी काय सांगितलंय? दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, आणि भुकेची वाट बघायची नाही. तिला हे शिकवायला मला आणि मावशीला किती दिवस लागले. आधी मावशी समोर बसायची, मग मी, मग आम्ही दोघी पाठ करून बसायचो, तेव्हा कुठे ती घास घ्यायला लागली. तू एका वाक्यात सगळं परत चिकपेटच्या आपल्या घरात नेऊन ठेवलंस.

वर म्हणालास, "तुळशीचं लग्न झालं की मुलीकडचे घर बघायला येणार. टाके वाळलेत ना? मग अम्माला शनिवारी पोचवा." पोचवा! बाकं भाड्यानं आणल्यासारखी.

अम्मा येणार नाही. हे मी तुला विचारत नाही, सांगतेय.

त्या गायीची आठवण आहे तुला? मागच्या दाराला यायची ती, एका शिंगाची. तुमचं जेवण व्हायचं, मग अत्ते आणि मी बसायचो, मग अम्मा चूल सारवून एकटी बसायची. आणि नेमकी तेव्हा ती गाय दाराशी उभी. तू म्हणायचास, "अम्माची मैत्रीण आली, दिवसेंदिवस बाळसं धरतेय." सगळे हसायचे. गाय बाळसं का धरतेय हे कुणी विचारलं नाही. अम्माच्या पानातला भात तिच्या तोंडात जात होता, अण्णा. एक दिवस मी भांडं विसरले म्हणून परत आत गेले, तर अम्मा पुढ्यातलं केळीचं पान तसंच गुंडाळत होती.

मी अत्तेंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "गोग्रास आहे तो. पुण्य लागतं, तू मधे बोलू नकोस." मग मी तुला सांगितलं. तू खिडकीत दाढी करत होतास. म्हटलं, अम्मा जेवत नाही, जेवली तर ओकते. तू आरशातनंच म्हणालास, "तू तिच्या पानात कशाला डोकावतेस? बाकीची कामं संपली?"

त्यानंतर पावसाळा अख्खा गेला. तिची पोलकी ढगळ झाली ती मी आत घेतली. अत्तेंनी लिंबाचं पाचक दिलं, मग आवळ्याचं. पित्त म्हणे.

आणि मग मोठ्या दवाखान्यातले ते डॉक्टर. तूही होतास, पण तू घड्याळ बघत होतास, म्हणून परत सांगते. त्यांनी अप्पांना विचारलं, "जेवण कसं आहे यांचं?"

अप्पा म्हणाले, "नॉर्मल."

"काय काय खातात?"

"जे सगळे खातात तेच."

"तुम्ही त्यांना खाताना बघितलंय?"

अप्पा म्हणाले, "ती आमच्यानंतर जेवते."

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी तुझ्याकडे बघितलं, तू घड्याळाकडे. अम्माला विचारलं, तर तिनं अप्पांकडे बघितलं, काय उत्तर द्यायचं म्हणून. तेव्हा मी बोलले. परक्या पुरुषाशी मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले ते ओकारीबद्दल. म्हटलं, सकाळची भाजी संध्याकाळी तशीच बाहेर पडते, न जिरलेली, मोरी मी धुते म्हणून ठाऊक. डॉक्टर म्हणाले, "सरी, बरं. आता कळलं." त्यांनी अम्माच्या पोटावर हात ठेवून तिला हळूच हलवलं, तर अर्ध्या घागरीत पाणी हलावं तसा आवाज आला. तो तूसुद्धा ऐकलास. मी तुझं तोंड बघत होते.

एक्सरेच्या दिवशी तू नव्हतास. खडू कालवल्यासारखं पांढरं पाणी प्यायचं असतं. अंधाऱ्या खोलीत दोन बाप्ये उभे, आणि म्हणतायत, "प्या अम्मा, गिळा, आता गिळा." बाप्यांसमोर ती कधी पाणीसुद्धा प्यायली नव्हती. पेला धरून रडायला लागली. शेवटी त्यातल्या एकानं भिंतीकडे तोंड केलं, मग दुसऱ्यानं. तेव्हा तिनं पहिला घोट घेतला. परका माणूस पाठ फिरवतो, अण्णा, तिला घशाखाली उतरावं म्हणून.

फिल्म डॉक्टरांनी खिडकीला धरून मला दाखवली. पोट म्हणजे पांढरी पिशवी, आणि खाली जिथनं अन्न पुढे जायचं तिथे उंदरानं कुरतडल्यासारखं. आत गाठ आहे, कॅन्सर आहे, पोट उघडायला लागेल.

ऑपरेशन पितृपक्षात आलं. आजोबांची तिथी त्याच दिवशी. अप्पा म्हणाले, ब्राह्मण सांगून झालेत. तू म्हणालास, पानावर मुलगा नको का. मेलेल्यांना वाढायला घरचे सगळे पुरुष हजर, आणि जिवंत बाई मेजावर. काका बाहेरगावी, मावशी रक्ताच्या बाटलीमागे धावत होती. डॉक्टर बाहेर आले आणि व्हरांड्यात बापा-भावाला शोधायला लागले. मी उभी होते. ते म्हणाले, "कुणी मोठं नाही?" मी म्हटलं, मीच आहे.

रविवारी तू मावशीला म्हणालास, "गाठ काढली ना, मग झालं तर." ती गप्प बसली, कारण मी तिला शपथ घातली होती. तुला कुणी सांगितलं गाठ काढली? तू विचारलंस कधी? अप्पांनी विचारलं ते एवढंच, घरी कधी सोडणार.

गाठ काढली नाही. काढता आली नाही. पोट उघडलं तेव्हा ती लिव्हरपर्यंत गेली होती, दाणे पेरल्यासारखी. डॉक्टरांनी गाठीला हात लावला नाही, आतडं वर ओढून पोटाला जोडलं, वाट बुजली म्हणून बाजूनं दुसरी वाट काढून दिली. एवढंच ऑपरेशन. पावसाळ्याच्या आधी आणलं असतं तर, असं ते बोलायला लागले आणि माझ्याकडे बघून थांबले. मग म्हणाले, "आता अन्न खाली उतरेल. जितके दिवस उतरतंय तितके दिवस खाऊ दे. जे मागेल ते."

तुम्ही विचाराल म्हणून मी वाट बघत होते. विचारलंत की सांगणार होते. दिवाळी झाली, कुणी विचारलं नाही.

अम्माला मी सांगितलेलं नाही. पण तिनं नथ मावशीकडे देऊन ठेवलीय, विशूच्या, म्हणजे तुझ्या, बायकोसाठी म्हणून. त्यावरनं काय समजायचं ते समज.

आता तुला जे करायचं ते ऐक. मुलीकडच्यांना काय सांगायचं ते सांग, स्वयंपाकाला बाई लाव, नाहीतर स्वतः भात शिजव, हात आहेत तुला. अत्तेंना हे पत्र वाचून दाखव, गायीचं सुद्धा. आणि तुला यायचं असेल तर दहा वाजता ये. अम्मा खुर्चीत बसेल, तू खाली पाटावर बसायचं. तुझ्या हातानं वाटी तिला द्यायची, आणि ती संपेपर्यंत हलायचं नाही. घड्याळ घरी ठेवून ये. तिचं झालं, की मग मी तुला वाढीन. जे उरेल ते.

हे जमत नसेल तर येऊ नकोस. दार मी उघडणार नाही.

नमस्कार वर लिहिलाय, तो मोठ्याला लिहायचा असतो म्हणून. खाली परत लिहित नाही.

तुमच्या सगळ्यांच्या आधी अम्माला वाढणारी,
भागी

ता. क. पलीकडच्या यल्लाप्पाच्या म्हशीला आज पहाटे रेडी झाली. कपाळावर पांढरा टिळा आहे. तो आत्ताच तांब्याभर चीक देऊन गेला. मावशीनं खरवस लावलाय, आणि अम्मा आतनं विचारतेय, झाला का?