तेविसाव्या क्रमांकासाठी मालकिणीची शिफारस

६ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. वही माझ्या नवऱ्याची, नॉर्बची. पहिली अकरा पानं त्याच्या अक्षरात आहेत: पोरांची नावं, उंची, वजन, चाळीस यार्ड पळायला लागलेले सेकंद. बाराव्या पानापासून मी.

नॉर्ब सेंट ओडिलिया शुश्रूषागृहात आहे, खोली ११४. अर्धांगवायूच्या झटक्यानंतरचे व्यायाम चालू आहेत. उजवी बाजू आणि बोलणं परत यायचं, एवढंच राहिलंय. २७ एप्रिलला, गुरुवारी, ड्राफ्टची पहिली फेरी, म्हणजे फुटबॉलच्या टीम कॉलेजमधली नवी पोरं नंबरानं निवडतात ती. तोवर तो घरी येईल आणि स्वतःच्या खुर्चीत बसून बघेल. कॅलेंडरवर खूण केली.

निश्चय दोन. टीमला यंदा चांगला वाइड रिसीव्हर मिळवून द्यायचा. लांब पळायचं आणि आलेला बॉल झेलायचा, एवढंच त्या माणसाचं काम, आणि नेमकं तेच आमच्याकडे कुणाला जमत नाही. दुसरं, रोज अर्धा तास चालायचं.

आज चालले नाही. बर्फ.

७ फेब्रुवारी, मंगळवार

टीमला पत्र लिहिलं. मालकीण या नात्यानं. आमची टीम कुणा धनाढ्य माणसाची नाही, लोकांची आहे, आणि आमच्या शेअरचा कागद जिन्यात फ्रेम करून लावलेला आहे. त्यावर एक सेंट मिळत नाही, तो विकता येत नाही, पण मालक तो मालक.

सिस्टर अ‍ॅडेलगुंडे या माझ्या शाळेतल्या नन; त्या सांगायच्या, पत्राला तीन परिच्छेद पुरतात, तिसऱ्यात आभार. माझे चार झाले. सिस्टर रविवारी प्रार्थनेनंतर बाहीत ट्रान्झिस्टर लपवून मॅच ऐकायच्या. त्यांनी समजून घेतलं असतं.

मजकूर असा: आपला नंबर तेविसावा आहे. तोवर कोल्बी वेस्टरगार्ड शिल्लक असेल. सहा फूट चार इंच, पंजा सव्वादहा इंच. त्याच्या हातात आलेली वस्तू खाली पडत नाही. त्याला घ्यावा.

९ फेब्रुवारी, गुरुवार

नॉर्बला पत्र वाचून दाखवलं. आमचं ठरलंय: एकदा डोळे मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. त्याने दोनदा मिटले.

म्हणजे विरोध. अपेक्षितच होतं. चव्वेचाळीस वर्षं त्याला बुटके आणि वेगवान आवडतात, मला उंच आणि खात्रीच्या हातांचे. वहीत त्याने पहिल्या नंबरवर ट्रेव्हॉन्टे पिकेट लिहून ठेवलाय. पाच फूट आठ इंच. नावाखाली दोन रेघा.

डार्लीन, तिथली मुख्य नर्स, म्हणाली की खिडकीतलं ऊन थेट त्याच्या डोळ्यांवर येतंय. तिनं पडदा ओढला. बाई प्रेमळ आहे, पण तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

ईस्टरआधीचा लेंट सुरू झाला, शुक्रवारी मांस बंद, म्हणून चर्चच्या तळघरात मासे. तळलेला पर्च, राय ब्रेड, कोबीची कोशिंबीर. नॉर्बचा धाकटा भाऊ ऑगी माझ्यासाठी जागा धरून बसला होता. सवयीनं दोन धरल्या होत्या. दुसरीवर मी कोट ठेवला.

रिसीव्हरचा विषय निघाला. ऑगी म्हणाला, मार्सी, तुझा तो वेस्टरगार्ड म्हणजे धान्याचा सायलो आहे. उंच आहे, कबूल, पण सायलो पळताना पाहिलायस का कधी? मी म्हणाले, आणि तुमचा पिकेट एकदा धुऊन वाळवला की लहान मुलांच्या मापाचा होईल. टेबलावरचे सगळे हसले. नॉर्ब असता तर हसला नसता. पेपर नॅपकिनवर आकडे मांडत बसला असता.

मी सांगितलं की टीमला कळवलंय, उत्तर यायचंय. ऑगी म्हणाला, मालकीणबाई, लिहितेच आहेस तर स्टेडियममधल्या संडासांच्या रांगेचंही बघ जरा.

रॅम्पच्या फळ्या त्याने आणून गॅरेजमध्ये रचल्यात. पायऱ्यांवरून व्हीलचेअर येणार नाही, म्हणून रॅम्प. पण जमीन गोठलेली आहे, खांब बसणार नाहीत. म्हणाला, बर्फ वितळू दे. बरोबर आहे. घाई नाही. नऊ आठवडे आहेत.

१५ मार्च, बुधवार

माझं पत्र पोचलं. टीमनं बुकर या रिसीव्हरला काढून टाकलं.

बातम्यांत कारण पगाराचं सांगतात. सांगोत बापडे.

बुकर बुटका आणि वेगवान. तीन वर्षांपूर्वी त्याला निवडला तेव्हा नॉर्बनं शेजाऱ्यांना केक वाटला होता. मी तेव्हाच म्हटलं होतं की या पोराचे हात खात्रीचे नाहीत. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी, शेवटच्या मॅचला, चौथ्या क्वार्टरमध्ये बॉल त्याच्या दोन्ही हातांत होता. मग नव्हता. नॉर्ब खुर्चीतून उठला. अरे, म्हणाला, आणि परत बसला. मी स्वयंपाकघरातून ओरडून म्हणाले, मी सांगितलं होतं की नाही? त्याने उत्तर दिलं नाही. मला वाटलं, रुसला.

दहा मिनिटं मला तसंच वाटलं. मी बटाटे सोलत होते.

चालणं नाही. पायवाटेवर बर्फ आहे.

१८ मार्च, शनिवार

नवा मुद्दा. ड्राफ्टमधून पोरगा घेण्याऐवजी एखादा अनुभवी माणूस करारावर घ्यावा का? डिमॅरिओ हॅस्किन्स मोकळा आहे. वय एकतीस, मागच्या वर्षी गुडघा गेला. ऑगी म्हणाला, त्याला घ्यायचं म्हणजे दुरुस्तीला टाकलेला ट्रॅक्टर घेण्यासारखं आहे, चालला तर चालला. मी म्हणाले, माणूस काय ट्रॅक्टर आहे? नीट व्यायाम केला, मनावर घेतलं, तर माणूस पूर्वीसारखा होतो. एकतिसाव्या वर्षी होतो तसा एकाहत्तराव्याही होतो.

ऑगीनं तिसरा मासा माझ्या ताटात ठेवला. हे काल तळघरात झालं, लिहायला आज वेळ मिळाला.

२२ मार्च, बुधवार

हॅस्किन्सला डॉक्टरांनी नापास केलं. करार नाही.

तसाही तो मला फारसा पसंत नव्हता.

३० मार्च, गुरुवार

सेंट ओडिलियात मीटिंग. डार्लीन, व्यायाम घेणारा माणूस, मी, आणि फोनवर आमची मुलगी जोलीन, मिनियापोलिसहून. व्यायामवाला म्हणाला, पाच आठवड्यांत फरक नाही. मी वही उघडली. तारीखवार नोंदी वाचल्या: वेस्टरगार्डला अकरा वेळा नकार, पिकेटला सात वेळा होकार, बचाव फळीच्या विषयावर मत नाही. इतकी स्पष्ट मतं असलेल्या माणसात फरक नाही असं कसं म्हणता, असं मी विचारलं.

डार्लीननं माझ्यापुढे कॉफी सरकवली.

मग जोलीन म्हणाली, आई, बाबांची खुर्ची तिकडे नेऊन देऊ या. त्या प्लास्टिकच्या खुर्चीत त्यांची पाठ दुखत असेल. मी म्हणाले, खुर्ची २७ तारखेला घरी लागणार आहे. ती म्हणाली, आई. मी म्हणाले, तू आधी तुझ्या नवऱ्याला जांभळी टोपी घालून माझ्या घरात यायचं बंद कर, मग खुर्चीचं बोलू.

टॉड तिकडच्या जांभळ्या टीमचा चाहता आहे. लग्नातच मी जोलीनला म्हटलं होतं, माणूस चांगला आहे, पण.

४ एप्रिल, मंगळवार

भांडी घासताना लक्षात आलं. इतके आठवडे मी नॉर्बशी त्याच्या विरुद्ध बाजूनं बोलतेय. आजारी माणसाशी असं कुणी बोलतं का? तो कंटाळला असणार. मी त्याच्या जागी असते तर मीही तोंड उघडलं नसतं.

टीमला दुसरं पत्र लिहिलं. आधीची शिफारस मागे घेते. पूर्ण विचारांती पिकेट. वेग, चपळता, वगैरे. पोराची उंची कमी आहे हे खरं, पण बॉल जमिनीजवळही येतोच. तीन परिच्छेद, तिसऱ्यात आभार.

सही करताना हात थांबला. चव्वेचाळीस वर्षांत मी हे कबूल केलं नव्हतं. मग केली.

९ एप्रिल, ईस्टर

जोलीन आणि टॉड आले. टोपी नव्हती. सगळे खोली ११४ मध्ये गेलो. मी नॉर्बला दुसरं पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाले, तू जिंकलास. त्याने डोळे उघडले आणि खूप वेळ माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ त्याने माझ्याकडे कधी पाहिलं असेल तर लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर, फोटोग्राफरचा फ्लॅश उडत नव्हता तेव्हा.

जोलीन म्हणाली, तुझ्या मांडीवर प्रून पाईची बशी आहे, आई, ते तिच्याकडे बघतायत. त्याला पाईतला दोन चमचे मऊ भाग भरवला. एक खाल्ला.

हे उत्तमच लक्षण आहे. माझ्याकडे बघत असो की पाईकडे, दोन्ही अर्थांनी.

१८ एप्रिल, मंगळवार

बर्फ गेला. ऑगी टेप घेऊन आला. पायऱ्या मोजल्या, मग दार मोजलं. मग पुन्हा दार मोजलं. व्हीलचेअरला दोन इंच कमी पडतात. म्हणाला, चौकट काढावी लागेल, न्हाणीघराचंही दार बघावं लागेल. मी म्हणाले, बघ मग. तो खुर्चीकडे बघत उभा राहिला. त्या खुर्चीत नॉर्बशिवाय कुणी बसत नाही, तोही बसला नाही. कॉफी उभ्यानंच प्यायला.

जाताना म्हणाला, मार्सी, ड्राफ्ट होऊन जाऊ दे, मग बघू. मी म्हणाले, ड्राफ्टसाठीच तर हवाय रॅम्प. तो म्हणाला, हो, माहितेय.

ऑगी कामाला नेहमीच संथ. त्यांच्या घरात नॉर्ब तेवढा चपळ.

२५ एप्रिल, मंगळवार

थोडा बदल. पहिली फेरी सेंट ओडिलियातच बघायची. फक्त एका दिवसाची सोय. खुर्चीवर नवी चादर घातली, शनिवार-रविवारसाठी. टीमकडून उत्तर नाही. कामात असतील.

२७ एप्रिल, गुरुवार

सात वाजता टीव्ही लावला. मी, नॉर्ब, ऑगी. डार्लीननं चीझ कर्ड, चीझचे ताजे गोळे, आणले, नॉर्बला अर्थात सूप. सुपानंतर त्याचा डोळा लागला. मी म्हटलं, आमचा नंबर आला की उठवीन.

एकविसाव्या नंबरपर्यंत पिकेट शिल्लक. वेस्टरगार्डही शिल्लक. बावीस, दुसराच कुणी. मग आमचं नाव, मग तो माणूस चिठ्ठी घेऊन मंचावर.

गार्ड. तीनशे वीस पौंडांचा, नुसतं समोरच्यांना अडवणारा गार्ड घेतला. सगळ्या कारकिर्दीत बॉलला हात लावायचा प्रसंग येत नाही असा माणूस.

ऑगीनं एक चीझ कर्ड तोंडात टाकला. मग म्हणाला, चला, निदान हा तरी काही पाडणार नाही.

पुढच्याच निवडीत पिकेट गेला. जोलीनच्या टीमकडे. टॉडनं फोनवर फोटो पाठवला, जांभळी टोपी घातलेला पिकेट, हसतोय. छान दात आहेत.

नॉर्ब जागा झाला तेव्हा टीव्ही बंद होता. मी त्याला सांगितलं, पिकेट मिळाला. तेविसाव्या नंबरला. तू म्हणाला होतास तसंच. ऑगी दाराकडे तोंड करून कोट घालत होता, त्याला बाही सापडेना.

नॉर्बनं काही केलं नाही. डोळेही मिटले नाहीत.

२ मे, मंगळवार

टीमचं पत्र आलं. छापील, सभ्य. मार्सेला डेलफॉस या नावाचे भागधारक आमच्या नोंदीत नाहीत. या पत्त्यावर एक शेअर आहे, तो नॉर्बर्ट डेलफॉस यांच्या नावावर. खेळाडूंच्या निवडीबाबत बाहेरच्या सूचना स्वीकारल्या जात नाहीत. आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत. सोबत दोन स्टिकर आणि एक कार्ड, भागधारकाचा पत्ता बदलला असल्यास भरून पाठवण्यासाठी.

जिन्यात जाऊन फ्रेम पाहिली. खरंच एकच नाव आहे. सव्वीस वर्षं दर शनिवारी मी त्या काचेवरची धूळ पुसते.

पत्राचे परिच्छेद तीन होते. तिसऱ्यात आभार.

५ मे, शुक्रवार

सकाळी ऑगीला फोन केला. पिकअप घेऊन आला.

खुर्ची वाटली त्याहून जड निघाली. आडवी करून दारातून काढली, पण पायऱ्यांवरून उतरेना. मग त्याने गॅरेजमधून रॅम्पच्या फळ्या आणल्या. दोन फळ्या पायऱ्यांवर टाकून खुर्ची घसरवत खाली नेली. मापात बरोबर होत्या.

खोली ११४ मध्ये ती खिडकीशी बसली. दोघांनी धरून नॉर्बला तीत बसवलं. डार्लीननं पाठीशी उशी दिली. मी स्टिकर चिकटवायला नेले होते, ते पिशवीतच राहिले. नॉर्बनं डोळे दोनदा मिटले.

ऊन होतं. मी पडदा ओढला.

घरी आले. गालिच्यावर चार खळगे पडलेत. व्हॅक्यूम फिरवला, राहिले तसेच. मग टेबलाशी बसून कार्ड भरलं, सिस्टरांनी शिकवलेल्या अक्षरात. भागधारकाचं नाव: नॉर्बर्ट डेलफॉस. कायमचा पत्ता: सेंट ओडिलिया, खोली ११४.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेले. जाऊन येऊन अर्धा तास.