फ्रिज गार का होतो?

सोमवार, ३ मार्च

फ्रिज! शाळेने आम्हा नववीच्या मुलींना आठवडाभर मोकळं सोडलंय — दहावीनंतर काय करायचं ते वर्गांत बसून बघा. मैत्रिणी सगळ्या समोर, कॉलेजच्या इमारतीत. मी एकटीच इकडे वर्कशॉपमध्ये, फ्रिजदुरुस्तीच्या कोर्सला. मागचा पत्रा काढला आणि बघतच राहिले. इतकी वर्षं नुसत्या बाटल्या काढल्या त्यातून!

घरी सांगितलं, मला हेच शिकायचंय, तर बाबा भडकले. "मी जन्मभर नळ जोडले ते तुझ्या हातात पाना देण्यासाठी?" आई म्हणाली, "आधी जेवून घ्या."

मंगळवार, ४ मार्च

घोळ घातला. आडवा ठेवलेला फ्रिज उभा केला आणि लगेच बटण दाबलं! वर्कशॉपच्या बाई ओरडल्या, "अगं, तेल खाली बसू दे आधी! कॉम्प्रेसर जाईल!"

मी विचारलं, तेल वर चढतंच का? आणि बारीक नळीतून सुटला की गॅस गार का होतो?

"तोंडाला झाकण नाही का गं तुझ्या?" हसत होत्या पण.

बुधवार, ५ मार्च

पुन्हा वाद. मी म्हटलं, "तुमचं काम वाईट आहे का?"

"वाईट कोण म्हणतंय? गुडघे बघ माझे."

"मग फ्रिज तर उभ्याने दुरुस्त होतो!"

बाबा उठून गेले. मला त्यांच्या कामाची लाज वाटत नाही, मग त्यांना का वाटावी? फार राग आला. रडूही आलं.

गुरुवार, ६ मार्च

बाईंनी सांगितलं — गॅस पसरताना आतली उष्णता ओढून घेतो. का ओढतो? बाई म्हणाल्या, "ते समोरच्या इमारतीत नीट कळेल. उद्या भौतिकशास्त्राच्या तासाला बस. इथे आलीस तरी पुढे पदवी करता येते, दार बंद होत नाही. पण रोज उठून काय करावंसं वाटतंय ते बघ."

शुक्रवार, ७ मार्च

बसले. अर्धं डोक्यावरून गेलं! सरांनी फळा पुसायला घेतला तेव्हा मी "थांबा!" म्हणून ओरडले. सगळा वर्ग हसला. हसू देत. एका प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही आणि नवे तीन घेऊन घरी आले. जेवणात लक्षच नव्हतं.

शनिवार, ८ मार्च

बाबा हो म्हणाले! मला न सांगता बाईंना भेटून आले. शेजारच्या काकांना ऐकवत होते, "आमची पोरगी फ्रिज उघडते, आहात कुठे!" माझ्या टेबलावर त्यांचा सगळ्यात छोटा पाना, घासूनपुसून ठेवलेला.

आणि मला समोरच्या इमारतीत जायचंय. आठवडाभर भांडून आता कोणत्या तोंडाने सांगू?

रविवार, ९ मार्च

सांगितलं. बाबांनी टेबलावरचा पाना उचलून हातात फिरवला. मग माझ्या दप्तरात टाकला. "असू दे. नळ तिथेही गळतातच."