दोघांसाठी लावलेली सीट

चौसाळा. कार्तिक शु. ४, शुक्रवार. फसली १३३८.

सायकलवरून पहिल्यांदाच पालीला जाऊन आलो. तट्टू देऊन महसुलातल्या गिरदावरांची जुनी सायकल घेतली त्याला आठ दिवस झाले. निजाम सरकारच्या शाळेला सुट्टी फक्त जुम्म्याची, शुक्रवारची, आणि तट्टावर एका दिवसात जाणं-येणं निभत नव्हतं. सात कोस जायचं, सात कोस यायचं.

अंगाचे हाल लिहवत नाहीत. खोगिराचं पुढचं टोक उंच असतं, म्हणून सीटचंही टोक मीच पाना लावून वर केलं होतं. घाट उतरताना पुढं घसरायला नको म्हणे! मांजरसुंब्याचा घाट उतरेपर्यंत कमरेखाली सगळं बधिर. सासुरवाडीच्या दारात उतरलो तर खाली बसता येईना. सोनीला घ्यायला वाकलो आणि तोंडातून मोठ्यानं 'आई गं' निघालं. पोर घाबरून पारूवहिनीच्या पदरात शिरली ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

सात कोस जाऊन स्वतःच्या लेकीची नुसती पाठ बघून आलो. गोदा असती तर पोट धरून हसली असती.

कार्तिक शु. ६, रविवार.

दिवसभर उभ्यानं शिकवलं. पोरांना कळलंय. मागच्या रांगेत खुसखुस. दोघांना उठाबशा.

अक्का आज परत म्हणाली, "कधी आणतोस रे सोनीला?" भाऊजी गेल्यापासून अक्का माझ्याकडेच आहे. घर झाडून-पुसून, झबली शिवून वाट बघत बसलीय.

ठरलंय ते ठरलंय. सोनी झाली आणि तिसऱ्या दिवशी गोदा गेली, तिथंच, माहेरी. पारूवहिनींचा तान्हा मुलगा त्याच महिन्यात गेला होता. त्यांनी सोनीला पदराखाली घेतलं. त्यांचा नवरा, गोदाचा भाऊ दौलतराव, तेव्हाच म्हणाला होता, "चालाया लागंस्तोवर राहू द्या दाजी. मग तुमची लेक तुमी न्या." सव्वा वर्ष झालं त्याला. मी त्या एका वाक्यावर दिवस काढतोय.

कार्तिक व. ३, शुक्रवार.

या खेपेला शहाणपण करून सीटचं टोक खाली केलं. बूड वाचलं, पण सगळा भार हातांवर. पालीत पोचलो तेव्हा मनगटं अशी ठणकत होती की पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरावा लागला.

दौलतराव शेती बघून गवंडीकाम करतो. अंगणात सायकलभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "दाजी, कावून असं वाकडं बसताव? भितीला लागतं तेच बुडाला लागतं. सपाट पायजे."

घरातून पाणसळ आणली. लाकडाच्या पट्टीत बसवलेली काचेची नळी, आत पाणी आणि हवेचा बुडबुडा. सीटवर ठेवली. पाना माझ्या हातात, डोळा त्याचा. "जरा वर... लई झालं... हां, आता आवळा." बुडबुडा मधोमध थांबला. तो बघायला सोनी आपण होऊन रांगत आली, माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली. मी श्वाससुद्धा जपून घेतला. मग तिला घंटी सापडली. टिंग टिंग, टिंग टिंग, पुरे म्हणेना.

येताना त्रास नाही. चढावर जरा मागं सरकायला होतं तेवढंच. आता दर शुक्रवारी जमेल.

दौलतरावाला मी म्हणालो होतो, "संक्रांतीपर्यंत चालेल ना ती?" तो नट आवळलेला असूनही आणखी आवळत बसला.

मार्गशीर्ष शु. २, शुक्रवार.

घाटाखाली चाकातली हवा गेली. सायकल हातानं ढकलत गावात शिरलो. घंटी वाजवली नाही, वाजवायचं कारणच नव्हतं.

दारातून बघतो तो सोनी अंगणात चालतेय. एकटी. हातात पळी. या टोकाकडून त्या टोकाकडं, मध्ये बसणं नाही की पडणं नाही. नुकतं शिकलेलं पोर असं चालत नाही.

पारूवहिनी भाकरी थापत होत्या. पिठाच्या हातांनीच धावत येऊन तिला कडेवर उचललं. म्हणाल्या, "आजच... आत्ताच जरा..."

दौलतराव ओट्यावर होता. खाली मान घालून म्हणाला, "धा दिस झालं, दाजी."

म्हणजे मागच्या शुक्रवारी माझी घंटी ऐकली तशी तिला उचलून घेतलं होतं. मी आपला अंगणात बसून तिच्या पायांना तेल लावा म्हणून सांगत होतो! फार राग आला. "संक्रांतीला घेऊन जाणार," असं मोठ्यानं बोललो, चहा न घेता, सायकल ढकलतच निघालो. घाट चढून येईपर्यंत राग टिकला नाही. पिठाचे हात तेवढे डोळ्यांपुढून जाईनात.

मार्गशीर्ष व. २, शुक्रवार.

आज पालीला गेलो नाही. सायकल दोघांसाठी लावली.

पुढच्या दांड्यावर छोटी गादी बांधली, गोदाच्या जांभळ्या लुगड्याची. अक्का म्हणाली, "अरे, चांगलं लुगडं फाडलंस!" म्हणालो, कुणासाठी ठेवायचं? गादीवर ज्वारीचं गाठोडं बांधून वेशीपर्यंत चकरा मारल्या. माझे गुडघे गाठोड्याला लागत होते, म्हणून सीट मागं घेतली, बोटभर खाली केली. गाठोडं सावरायला वाकलं की मी पुढं घसरतो, म्हणून टोक किंचित वर. आता बरोबर बसतं. एकटं बसलं की पाठीत भरून येतं, पण एकट्यानं बसायचंच कशाला आता?

गाव हसतंय. "मास्तर, ज्वारीला हवा खायला न्हेताव का?" हसू देत.

संक्रांत, सोमवार. पाली.

रजा घेऊन आलो. सोनीचं बोरन्हाण. मागच्या संक्रांतीला दुःखामुळं राहिलं होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे ओतले. सगळं पारूवहिनींनी केलं. सोनी एकेक बोर उचलून त्यांच्याच तोंडात घालत होती. एक मलाही मिळालं.

आजच न्यायची होती. वहिनी दाराआडून म्हणाल्या, "उद्या कर हाय, दाजी. करीदिवशी लेकरू नव्या घरात नसावं." माझा या गोष्टींवर विश्वास नाही, शाळेत पोरांना तसंच सांगतो. तरी म्हणालो, बरं, शुक्रवारी नेतो. चार दिवस मागून घ्यायला त्यांच्याकडं दुसरं निमित्त नव्हतं.

पौष शु. ८, शुक्रवार.

लिहून टाकतो, नाहीतर झोप लागायची नाही.

काल शाळा सुटल्यावर पालीला मुक्कामाला आलो होतो, सकाळी सोनीला घेऊन निघालो. पारूवहिनी गावाबाहेरच्या चिंचेपर्यंत आल्या. सोनीला गादीवर बसवलं, लुगड्याच्या पट्ट्यानं माझ्या पोटाशी बांधलं. वहिनींनी तिच्या मुठीत गुळाचा खडा दिला. घाटात पट्टा सोडून सायकल ढकलत नेली, एक हात तिच्या पाठीशी. गूळ संपेपर्यंत गप्प होती.

मांजरसुंब्याला वर सपाटीला लागलो. परत बांधून घेतली, बसलो, पाय मारले. सीट अशी जमली होती की काय सांगू. गुडघा लागत नव्हता, पाठ दुखत नव्हती. तिचे केस माझ्या हनुवटीखाली. वाटलं, असंच जात राहावं. दीड वर्षात एवढं सुख झालं नव्हतं.

मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि मागं बोट केलं. "आई."

रडत नव्हती. सांगत होती. मी तसाच चालवत राहिलो. मग म्हणाली, "टिंगटिंग, आई." टिंगटिंग म्हणजे मी. दौलतरावाला ती आबा म्हणते. माझं नाव हे आहे.

त्यानंतर रडली. उतरलो, दूध दिलं, कडेवर घेऊन फिरवलं, रस्त्यातली बैलगाडी दाखवली. अंग ताठ करून रडत राहिली, आवाज बसला, ओकली. एका बाभळीखाली तिला घेऊन किती वेळ बसलो कळलं नाही. ऊन उतरायला लागलं. चौसाळा जवळ येत नव्हतं आणि पोर माझी होत नव्हती. सायकल वळवली.

घाट उतरून आलो तर चिंचेखाली पारूवहिनी. सकाळी जिथं सोडलं होतं तिथंच, मातीत बसलेल्या. मला बघून घाबरल्यासारख्या उठल्या. "पाय उचलंनात, दाजी. म्हणलं जरा बसावं."

सकाळपासून.

सोनीनं हात पसरले. मी पट्टा सोडला. "चार दिवस राहू दे," म्हणालो. चार दिवस का म्हणालो ते माहीत नाही.

पौष शु. ९, शनिवार.

अक्कानं झबली घडी करून पेटीत ठेवली. पाठ मोडून गेलीय. दोघांच्या सीटवर एकटा परत आलो ना.

शाळेत पाढे घेताना मध्येच थांबलो. आज कुणी हसलं नाही.

पौष शु. १४, गुरुवार.

दौलतराव बाजाराला म्हणून आला. पिशवीत बाजार काही नव्हता, पाणसळ होती. "सीट सपाट करून देतो, दाजी. एकट्याला तरास व्हतो." म्हणालो, राहू द्या.

त्यानं पाणसळ ओट्यावर ठेवली. मग म्हणाला, "पारू म्हणती, दाजींनी न्यावं. बोललो ते बोललो. दोन दिस जेवली न्हाई ती, पन म्हणती न्यावं." उठताना आणखी एक सांगितलं, "सोनी घंटी आयकली की दाराकडं पळती. परवा दुसऱ्याच कुणाची सायकल व्हती. लई वेळ उभी राह्यली दारात."

पाणसळ मुद्दाम विसरून गेला. तो गेल्यावर सीटवर ठेवून बघितली. बुडबुडा पुढं. पाना आणला, नट सैल केला, परत होता तसाच आवळला. जांभळी गादी दांड्यावरच आहे.

उद्या शुक्रवार. जाणार तर आहेच. गावात शिरताना घंटी वाजवायची की नाही, तेवढं ठरत नाही.