बाकावरचा गोली

अहो बेबीचे बाबा,

शालनचा नमस्कार.

तुम्ही गेलात तेव्हापासून घरात माणसं होती. कुणी चहा ठेवतंय, कुणी रडतंय, कुणी माझ्या हातातून भांडी काढून घेतंय. काल तुमची बहीणही वैभववाडीला परत गेली. आज बेबी शाळेत आहे, सासूबाईंचा डोळा लागलाय, आणि मला पहिल्यांदाच कळलं की ह्या घरात आता बोलायला कुणी नाही. म्हणजे ते बोलायला. आपल्या दोघांतलं. ती गोष्ट सगळ्या गावात तुम्हाला आणि मलाच ठाऊक होती, आणि तुम्ही मला तिच्याबरोबर एकटीला सोडून गेलात. हे काय बरं केलंत?

रविवारी शाळेत तुमची शोकसभा झाली. तिथे काय घडलं ते तुम्हाला सांगायलाच हवं. पण त्याआधीचं थोडं लिहिते. ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. तोंडाने बोलायची सोय राहिली नाही ना!

माझ्या बाबांनी धामापूरला भगवतीच्या देवळात उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं, “माझो जावई म्हणजे हिंदुस्थानच्या फुटबॉल संघाचो गोली! आशियाई स्पर्धा जिंकान इलोहा!” मला तर गोली म्हणजे गोलात उभा राहून चेंडू अडवणारा, हेही माहीत नव्हतं. बंदुकीच्या गोळीशी काहीतरी संबंध असावा असं वाटायचं. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही किती हसला होतात! लग्नानंतर तुम्ही मोकळेपणाने हसलेले मला ते एकदाच आठवतात.

कारण त्याच संध्याकाळी तुम्ही मला सांगितलंत. आपण पहिल्यांदा माहेरी आलो होतो आणि तळ्याच्या बांधावर बसलो होतो. तुम्ही पायाने खडा ढकलत होतात.

“शालन, तुका एक सांगतंय. रागावू नको. मी थंय एकव सामनो खेळूक नाय.”

“मगे तुमी गेलात कित्याक?”

“संघात होतंय. दुसरो गोली. पयलो खेळता आणि दुसरो बाकार बसता. मी बाकार बसान ऱ्हवलंय.”

मला त्यात एवढं लपवण्यासारखं काय ते कळेना. देशाच्या संघात नाव आलं, परदेशात गेलात, संघाबरोबर पदक घेऊन आलात. बाकावर बसलात म्हणून काय झालं? मग तुम्ही तेव्हाचे नियम समजावलात. एकदा अकरा जण मैदानात उतरले की बाराव्याला जागा नाही. कुणाचा पाय मोडला तरी उरलेल्या दहांनीच खेळायचं. म्हणजे दुसऱ्या गोलीला आत जायचं असेल, तर पहिल्याला सामन्याच्या आधीच काहीतरी व्हायला हवं.

आणि झालं होतं. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात त्याचं बोट दुखावलं. सुजून टम्म झालं. प्रशिक्षक तुम्हाला म्हणाले, तयार राहा.

“आणि मी देवाक सांगितलंय,” तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, “तेचा बोट मोडू दे.”

त्याचं नाव तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. नुसतं ‘तो’ म्हणायचात. तुमच्याशी चांगला वागणारा माणूस, परदेशात तुम्हाला तिथलं जेवण जाईना तेव्हा स्वतःच्या पानातली केळी देणारा. त्याचं बोट मोडावं म्हणून तुम्ही रामेश्वराला नवस बोललात. सकाळी तो उठला, बोटाला पट्टी बांधली आणि खेळायला उतरला. त्याच हाताने त्याने पेनल्टी अडवली. आपण जिंकलो. तुम्ही बाकावरून धावत गेलात आणि सगळ्यांबरोबर नाचलात. नाचताना वाटत होतं, आपल्याएवढा क्षुद्र माणूस ह्या मैदानात दुसरा नाही. असं तुम्हीच म्हणालात.

आता इथलं. गावात खोटं कुणीच बोललं नव्हतं, हे मी नेहमी म्हणते. वाण्याच्या दुकानातल्या रेडिओभोवती सगळा गाव जमला होता. तुमचा बाळपणीचा दोस्त बाबल खुर्चीवर उभा राहून कान लावून होता. खरखर इतकी की नाव कुणाला ऐकूच आलं नाही. गोलीने पेनल्टी अडवली एवढं ऐकू आलं. आणि आपल्या गावाला गोली एकच माहीत होता!

तुम्ही मुंबईहून आलात तेव्हा कणकवलीपासून ट्रकमधून मिरवणूक. शाळेच्या पटांगणात माईकवर बाबल ओरडला, “आमच्या वसंतान पेनल्टी अडवली, म्हणान हिंदुस्थान जिंकलो!” तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? मी हे किती वेळा विचारलं असेल! तुम्ही दर वेळी एकच सांगायचात. समोर सासूबाई बसल्या होत्या. मामंजी गेल्यापासून चारचौघांत न आलेल्या. त्या पदराआड रडत होत्या आणि शेजारणी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. तुम्हाला वाटलं, आज नको. उद्या सांगू.

तो उद्या उजाडला तर हेडमास्तर आले. हायस्कुलात व्यायामशिक्षक म्हणून या म्हणाले. “आमच्या मुलांना आशियाई वीर शिकवणार!” पंधरा दिवसांच्या रजेवर आलेले तुम्ही. मुंबईत गोदीतली नोकरी होती, कंपनीचा संघ होता, तुम्हाला परतायचं होतं. पण सासूबाई विहिरीवर पडल्या, कंबर गेली, बहीण सासरी, आणि मुलगा म्हणून तुम्ही एकटेच. राहिलात. मग माझे बाबा आले स्थळ घेऊन. ते तरी कुणाचं स्थळ घेऊन आले होते? तुमचं की पेनल्टी अडवणाऱ्याचं? एकदा रागाच्या भरात तुम्ही मला हे विचारलंत. मी तेव्हा काही बोलले नाही, आज सांगते. बाबा कुणासाठी आले ते मला माहीत नाही. मी मात्र तळ्याच्या बांधावर खडा ढकलणाऱ्याबरोबरच संसार केला. तेवढं तरी तुम्हाला कळायला हवं होतं हो!

तुमचा तो संघाचा निळा लोकरी कोट! दर पंधरा ऑगस्टला हेडमास्तर तो घालायला लावायचे. आपल्याकडची ती दमट हवा, आणि तुम्ही गळ्यापर्यंत बटणं लावून झेंड्याखाली उभे. घाम गळतोय, आणि लहान मुलं पुढे येऊन खिशावरच्या बिल्ल्याला बोट लावून बघतायत. घरी आलात की कोट काढून न्हाणीत जायचात आणि मी दार वाजवेपर्यंत बाहेर यायचा नाहीत.

एकदा तुम्ही निघालात. मला सांगूनच निघालात, ते बरं केलंत. मुंबईला जाऊन जुनी नोकरी मिळते का बघायची, मिळाली की सासूबाईंना आणि मला तिकडे न्यायचं. कुणी ओळखणार नाही अशा चाळीत राहायचं. मी भाकरी बांधून दिली. दिवेलागणीच्या आत तुम्ही परत दारात!

“काय झालां?”

“कणकवलीच्या स्टँडार ड्रायव्हरान वळाखल्यान. पुढे बसा म्हणालो. मगे सगळे जमले. पेनल्टी कशी अडवलास ती सांगा म्हणाले.”

“मगे?”

“मगे काय? सांगितलंय.”

तुम्ही पायरीवरच बसलात. आजवर लोक बोलायचे आणि तुम्ही गप्प राहायचात. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगितलंत. कुठल्या बाजूला झेप घेतली, चेंडू कुठे लागला, सगळं. म्हणालात, मुंबईतसुद्धा कुणीतरी भेटेलच. भाकरी तशीच परत आणली होती. आपण दोघांनी ती खाल्ली आणि मुंबईचं नाव पुन्हा काढलं नाही.

आणि तो गोव्याच्या पोरांबरोबरचा सामना! गोवा मोकळा झाल्यावर तिकडची माणसं येऊ-जाऊ लागली होती. बाबलने सामना ठरवला आणि तुम्हाला न विचारताच गोली म्हणून तुमचं नाव घातलं. मला वाटलं तुम्ही आजारी पडाल. तुम्ही तर सकाळपासून गुणगुणत होतात. बूट बांधताना म्हणालात, “आज सुटतंय बघ. गुडघे गेले, नजर गेली. जीव तोडून खेळतलंय, तरी गोल जातलेच.”

मीही आले होते बघायला, बेबीला कडेवर घेऊन. कापणी झालेल्या मळ्यात सामना. तुम्ही खरंच जीव तोडून खेळलात, मी बघितलं ना! कोपरं सोलून निघाली. आणि एकामागून एक गोल गेले. दर गोलाला तुमच्या चेहऱ्यावर उजेड येत होता. परतताना तुम्ही बेबीला खांद्यावर घेतलंत. “आता तरी कळला आसतला त्यांका,” असं दोनदा म्हणालात.

घरी पोचतो न पोचतो तोच बाबल आला. मागून चार-पाच जण. त्याच्या डोळ्यांत पाणी! “मास्तर, धन्य तुमी! पावण्यांचो मान राखलास! तुमी मनात आणला आसतास तर एक गोल तरी गेलो आसतो?” सगळ्यांनी तुमच्या पायाला हात लावला.

ते गेल्यावर तुम्ही मागीलदारी बसून कोपरं धूत होतात. मी हळद घेऊन आले. तुम्ही म्हणालात, “शालन, माका साधा हरूकसुद्धा गावला नाय.” साधं हरणंसुद्धा त्यांनी तुमच्या वाट्याला येऊ दिलं नाही.

त्यानंतर तुम्ही मिटलात. शाळा आणि घर, घर आणि शाळा. बाजारातसुद्धा मलाच पाठवायचात. कावीळ झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, पथ्य सांभाळलं तर उठतील. पथ्य मी सांभाळलं. तुम्ही उठायचं मनावर घेतलं नाहीत. हे म्हणू नये, पण म्हणते. बेबीकडे बघून तरी उठायचं होतंत!

तर रविवारची सभा. हार घातलेला तुमचा फोटो, खाली तो कोट घडी घालून ठेवलेला. बाबल बोलायला उभा राहिला आणि पुन्हा तीच पेनल्टी. बेबी माझ्या मांडीवर, तोंड उघडं ठेवून ऐकत होती. मला बसवेना. मी उठले. एवढ्या पुरुषांपुढे मी कधी बोलले नव्हते. पण स्पष्ट बोलले, “ते खेळले नव्हते. एकही सामना नाही. ते बाकावर होते. त्यांना हे सांगायचं होतं, ते आयुष्यभर राहून गेलं.”

मग बाबल माझ्याजवळ आला. रडत होता हो तो. मनाने चांगला माणूस आहे. म्हणाला, “वयनी, बसा. तुमचा दुख्ख आमका समाजता.” आणि वळून सगळ्यांना म्हणाला, “बघितलास? घरातसुद्धा कधी मोठेपण मिरवूक नाय! बायलेकसुद्धा सांगूक नाय!”

लोक उभे राहिले. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या.

तेव्हा मला कळलं तुम्ही कुठे राहत होतात. इतकी वर्षं मी तुम्हाला सांगत होते, उठा, सांगून टाका, त्यात काय एवढं! सांगून बघितलं मी. भिंत नाही, कुलूप नाही, सगळी मायेची माणसं, आणि बाहेर पडायला बोटभर फट नाही. माझं चुकलं असं म्हणत नाही. पण तुमचा जीव कसा गुदमरत असेल ते त्या टाळ्यांत मला कळलं.

घरी येताना माडांच्या वाटेवर बेबीने विचारलं, “आई, बाबा बाकार बसान काय करीत?”

तिला माझं खरं वाटलं होतं. सगळ्या सभेत तिला एकटीला! मी वाटेतच थांबले आणि तिला सांगितलं. सकाळी तुम्ही त्या पहिल्या गोलीवर चेंडू मारत राहायचात, त्याचा सराव व्हावा म्हणून. समोरच्या संघातला कोण कुठल्या पायाने मारतो ते बघून त्याला सांगायचात. नवसाचंही सांगितलं. लहान आहे, पण सांगितलं. आणि मग ते सांगितलं जे तुम्ही मला सबंध संसारात एकदाच बोललात, तेही कुशीवर वळताना. त्या सकाळी त्याच्या बोटाला पट्टी तुम्हीच बांधलीत. त्याला एका हाताने जमेना, म्हणून तुम्ही पुढे झालात. ‘घट्ट बांधू की सैल?’ असं विचारून, गाठ दोनदा सोडून पुन्हा नीट बांधलीत.

नवस मला शंभरदा ऐकवलात. पट्टी एकदाच. असं का केलंत हो? स्वतःला वाईट ठरवायची इतकी का घाई होती तुम्हाला?

बेबी माझा हात धरून पुन्हा चालू लागली. मग म्हणाली, “मगे त्या माणसाचा बोट बरां झालां?”

तुम्ही कधी सांगितलं नाहीत आणि मी कधी विचारलं नाही. इतक्या वर्षांत ते विचारायचं आपल्या दोघांना सुचलंच नाही. मी तिला जवळ घेतलं आणि तिथेच, वाटेवर, सभेत न आलेलं रडू मला आलं.

आता ती शाळेतून येईल. तिथे तिला पेनल्टीच ऐकायला मिळेल, उद्याही, परवाही. मैदानाला तुमचं नाव द्यायचं म्हणतायत. देतील. मी अडवू शकत नाही, आणि पुन्हा उभी राहून बोलण्याचं बळ माझ्यात आहे की नाही ते मला माहीत नाही.

पण एवढा शब्द देते. ह्या उंबरठ्याच्या आत तुम्हाला कुणी मैदानात ढकलणार नाही. बेबी आणि मी तुमची आठवण काढू तेव्हा तुम्ही बाकावरच बसलेले असाल, आणि आम्ही दोघी तुमच्या शेजारी बसू.

तुमची,
शालन