बंद टाकीतले अपूर्णांक

तीर्थरूप आत्यास,

१. मंगळवारी प्रयोगशाळेतली बंद टाकी मी माझ्या सूत्रानुसार चालवली.
२. सूत्र म्हणत होतं, टाकी तापवली की दाब उतरेल.
३. दाब चढला. तो उतरवायला यंत्राने आज्ञाधारकपणे आणखी तापवलं.
४. सुरक्षा-झडप उघडली. शेजारी साहेब उभे होते.
५. साहेब भाजले नाहीत. भिजले.

नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? मी बरी आहे. (साहेब भिजल्यावर फार शांत बोलतात. "मॅडम, घरी कधी झाकण लावून पाणी उकळलंय का?" एवढंच विचारलं.)

तुला लिहिते, कारण डीवाय भागिले डीएक्समधला डीएक्स वर-खाली दिसला की खुशाल उडवायला तूच शिकवलंस. हा अपूर्णांक आहे का, असं मी बारावीत विचारलं होतं. तू भाजी निवडता निवडता म्हणालीस, "जावयासारखा समज. घरचा नाही, पण जेवायला घरच्यासारखा बसतो." आठ वर्षं मी त्यावर निभावलं. खरं कारण आत्ता कळलं. तो भागाकार नव्हे, भागाकार जिथे पोचतात ती सीमा. पण पोचण्याआधी ते लहान लहान बदलांचे खरेखुरे भागाकारच असतात. तोच बदल वर आणि खाली असला की रीतसर उडतो, आणि ते सीमेपर्यंत टिकतं. माझ्याकडे मात्र दाब, आकारमान, तापमान अशा तीन राशी. एका भागाकारात दाब स्थिर धरलेला, दुसऱ्यात तापमान. म्हणजे वर-खाली दिसणारा आकारमानाचा बदल एक नव्हताच. आडनाव सारखं दिसलं म्हणून मी दोन अनोळखी माणसांना एकाच दाराने बाहेर काढलं, आणि त्या गडबडीत एक उणे चिन्ह हरवलं.

शुक्रवारी माझी नोकरी कायम होणार की नाही ते ठरेल. त्याआधी लेखी खुलासा द्यायचा आहे. मी दोष कुणालाही देत नाही. तुझा तर उल्लेखही केलेला नाही.

तुझी भाची

ता. क. १ : केला आहे. ही खोड कुठली, ते मला शिकवणाऱ्या व्यक्तीकडूनच साहेबांना हवं आहे. "मी हिला उडवायला शिकवलं, कधी उडवू नये ते सांगायचं राहिलं," एवढं लिहून सही कर.

ता. क. २ : माझी बारावीची वही सापडली. समासात तुझ्या अक्षरात, लाल शाईने : 'काय स्थिर धरलंय ते आधी बघ, मगच उडव.' खाली दोन रेघा. पान नीट जपून ठेवलं आहे. साहेबांनी पाहिलेलं नाही.

उत्तर गुरुवारी दुपारपर्यंत पोचेल असं पाठव.