खाटेशेजारचा राउटर

धारूर, ४ मे २०१०, मंगळ.
चष्मा विसरलो म्हणून बाराला घरी आलो, तर आईच्या खोलीत जळकट वास. खाटेशेजारच्या राउटरला हात लावला, चटकाच बसला. आई निवांत पडलेली. लकव्यात डावं अंग गेलेलं, पळणार कुठं? बटण बंद केलं. घाबरलो, लई घाबरलो.

५ मे
बंद तरी कसा ठेवणार? मस्कतहून बहीण उज्ज्वला रोज एकला व्हिडिओ कॉल करते, लॅपटॉप आपोआप उचलतो. काल लेकीचं तोंड दिसलं नाही, तर आईने रात्रीचं ताट परत केलं. "लेकीला बघू देत न्हाईस, मग भाकर कावून देतोस?"
आज चालू करून आलो. मास्तरीण सौ.च्या शाळेला सुट्टी लागली, तर जनगणनेचं काम लागलं. मी कापडाच्या दुकानात. अकरा ते पाच घरात आई एकटी, आणि तो डबा. गिऱ्हाइकाला दोनदा चुकीचं माप दिलं.

८ मे
कॉम्प्युटरवाल्याकडं नेला. त्याने स्क्रू काढले नि माझ्याकडं बघितलं.
"मामा, आत राख हाय."
म्हणजे आतून जळला? त्याने चिमटीत घेऊन चोळली, वास घेतला. "जळल्याली न्हाई. भस्म हाय हे. हवेची भोकं समदी बुजलीत."
आईला विचारलं. रोज खाटेवरच पूजा झाली की स्वतःच्या कपाळाला लावते, मग तीन बोटं डब्यावर ओढते. "उजी येते त्यातून. कोरडं कपाळ बरं दिसतं का?"
सौ. हसली. मी तिच्यावर खेकसलो.

९ मे
डबा साफ होऊन आला. समोरच्या भिंतीवर टांगला, आईचा हात पोचणार नाही असा. आज बरं वाटतंय. आई रुसलीय. असू दे.

१२ मे
करमेना, मधेच घरी आलो. डबा परत खाटेशेजारी. शेजारच्या काकूंना सांगून काढून घेतलेला. भस्माचे तीन पट्टे ताजे. डबा कढत.
आज आईला सगळं सांगितलं. हे पेट घेईल, गादी कापसाची, तुला उठता येत नाही. तिला भीती घालायचीच होती. तिने सगळं ऐकून घेतलं.
"पेटलंच, तर हाक मारीन की तुला."
लकव्यानंतर तिचं बोलणं ऐकायला मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागतो. दुकान चार गल्ल्या लांब. हे तिला कसं सांगू...
एकला कॉल आला. आई हसली. तेवढा वेळ मी डब्यावर हात ठेवून उभा होतो. उद्या अकराला दुकान उघडायचंय.